मामींची बर्गंडी

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजुतीच्या चार गोष्टी सांगायला नकोत. हे लिहितेय तेही रागातच. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या मामींना आयुष्यात वाइनचा एकच घोट घ्यायचा होता. एक घोट! एका ठरावीक बाटलीतला, एका ठरावीक वर्षाचा. बाटली त्यांच्या घरात होती, नवरा तयार होता, आणि त्यातलं कळणारी बाई म्हणून जिचं नाव झालं होतं ती मी दोनच मजले वर राहत होते. तरी तो घोट त्यांना मिळाला नाही.

मी मूळची नाशिकची. हे सांगितलं की समोरचा हमखास डोळा बारीक करून म्हणतो, "मग काय, वाइन तुमच्या रक्तातच!" डोंबल रक्तात. आमच्या घरी द्राक्षं आली की मिठाच्या पाण्यात धुऊन वाटीतून खाल्ली जायची आणि दारू हा शब्द आई आवाज खाली आणून उच्चारायची. वाइनशी माझी गाठ पडली ती नोकरीमुळे. चेन्नईच्या बाहेर ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात मी रंगाच्या विभागात गुणवत्ता तपासते. दारावर रंगाचा केसाएवढा ओघळ दिसला तरी गाडी मागे पाठवायची, हे माझं पोटापाण्याचं काम. रंग फवारणारी नवी यंत्रं घ्यायची ठरली तेव्हा कंपनीनं मला सहा महिने फ्रान्सला, दिजाँ नावाच्या गावी पाठवलं. गाव संपतं तिथेच बर्गंडीचे द्राक्षमळे सुरू होतात.

जिच्या घरी मी खोली घेतली होती ती म्हातारी दर शनिवारी दुपारी जेवताना एक बाटली उघडायची. ओतायच्या आधी त्या वर्षाचं हवामान सांगायची. त्या वर्षी एप्रिलात कडाक्याची थंडी पडून कोंब करपले, त्या वर्षी तोडणीच्या तोंडावर गारा आल्या, त्या वर्षी ऊन इतकं की द्राक्षं वेलीवरच मनुका व्हायला लागली. मग ग्लास पुढे सरकवून म्हणायची, आता पी आणि सांग मी खोटं बोलले का. आणि खरंच, घोटात ते वर्ष असायचं! एकच जातीचं द्राक्ष, तोच उतार, तोच माणूस, आणि तरी एक वर्ष कोवळं आंबट तर पुढचं भारदस्त. मी थक्क झाले. पत्र्यावरचे दोष शोधून शोधून माझे डोळे तयार झाले होते, तिथे माझं नाक आणि जीभ तयार झाली.

परत आले ती हे खूळ डोक्यात घेऊनच. कुठलं वर्ष कसं, कुठलं लवकर उघडायचं, कुठलं दहा-वीस वर्षं थांबवायचं, याचे तक्ते छापून येतात. तसा एक मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दर वर्षी नवीन वर्षाची ओळ हातानं लिहायची. वेलचेरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी चोवीस बाटल्यांचा छोटा वाइनचा फ्रिज घेतला, त्याला वेगळा इन्व्हर्टर लावला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "इतकं काय ठेवता त्यात, औषधं का?" मी हो म्हटलं.

पण चेन्नईत बर्गंडी विकत घेणं म्हणजे कपाळमोक्ष. दारूच्या सरकारी दुकानाच्या जाळीपुढे उभं राहून मी काय मागणार? मॉलमधल्या मोठ्या दुकानात दोन-चार मिळतात, त्या शोभेसाठी दिव्याखाली उभ्या करून ठेवलेल्या. दिव्याखाली! उभ्या! मी त्या पोऱ्यागत दिसणाऱ्या मॅनेजरला म्हटलं, अहो, बूच वाळेल, वाइन तापेल. तो म्हणाला, मॅडम, असं ठेवलं की लेबल छान दिसतं. मी तिथून निघून आले, नाहीतर हात उचलला असता.

उरला मार्ग विमानतळाचा. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. त्यामुळे ऑफिसातून कुणी फ्रान्सला निघालं की मी चिठ्ठी घेऊन हजर. गावाचं नाव, वर्ष, सगळं ठळक अक्षरात. एकदा आमच्याच विभागातला एक पुण्याचा गृहस्थ माझी चिठ्ठी खिशात घालून गेला आणि बोर्दोच्या, म्हणजे भलत्याच प्रांतातल्या, दोन बाटल्या घेऊन आला. म्हणे, "दोन्ही फ्रेंच, दोन्ही लाल. काय फरक पडतो?" मी त्याला विचारलं, तुला हापूस आणायला सांगितला तर तू भोपळा आणशील का, दोन्ही पिवळे म्हणून? दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

हॉटेलांत तर आणखी तऱ्हा. ऑर्डर मी द्यायची, वर्ष मी बघायचं, आणि वेटर चव बघायला पहिला घोट ओतणार समोर बसलेल्या पुरुषाच्या ग्लासात. तो बिचारा बिअर पिणारा, तो मान डोलावणार. तळपायाची आग मस्तकात जाते अशा वेळी. जातेच.

असो. मामींकडे वळते.

राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या मामी. आपल्यासारखी नेसलेली नऊवारी नव्हे, तिकडच्या पद्धतीची सुती नऊ गजी साडी, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या. मामा-मामी तंजावरकडचे मराठी. तिकडे पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मामा तांबरमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घरात मराठी बोलत, पण असं की माझ्या कानाला गंमत वाटे: जुने शब्द, वर तमिळ हेल, 'मी केलों', 'मी ठिवलों', आणि मला हाक मारताना मायेचं तमिळ 'मा'. आदल्या दिवशी मी रिकाम्या बाटल्या वॉचमनकडे दिल्या होत्या, तेव्हा मला वाटलं बाई जाब विचारायला आल्या. मी भांडायच्या तयारीनंच दार उघडलं होतं.

मामी म्हणाल्या, "तुला हे दारूचं कळतं म्हणे. खाली ये मा. एक दाखवायचं हाय."

खाली जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या ताटात धुतलेलं फडकं, आणि त्यावर एक बाटली ठेवलेली. बर्गंडी! मी लेबल वाचलं आणि उडालेच. दिजाँपासून सायकलनं जाता येईल अशा एका गावची, आणि वर्ष दोन हजार पाच. तक्त्यात ज्या वर्षापुढे मी लाल पेनानं दोन चांदण्या काढल्या होत्या ते.

मामांनी हकीकत सांगितली. त्यांचा एकुलता एक मुलगा शिकायला दिजाँला गेला. पहिल्याच शरदात हातखर्चासाठी द्राक्षतोडणीला मजूर म्हणून उभा राहिला, दहा दिवस कमरेत वाकून. ते वर्ष दोन हजार पाच. पुढे तिथेच नोकरी लागली, तिथेच लग्न केलं. पहिला पगार झाल्यावर त्यानं त्याच मळ्यातली, त्याच वर्षीची बाटली विकत घेतली आणि घरी आला तेव्हा आईच्या हातात दिली. म्हणाला, यातली द्राक्षं मी तोडलीयत, अम्मा.

मामींनी आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नव्हता. पण गुडघे गेलेले, मुलाच्या घरी जाणं होणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. "मला काय तिकडे जायाला होत नाही. पोरगा ज्या मातीत राहातो ती एक घोट तोंडात घेऊन पाहीन, मग सोडीन," त्या म्हणाल्या. "पण कधी उघडायचं ते त्याला ठाऊक नाही. हे मुरायाला पाहिजे म्हणतो, लोणच्यागत. तू सांग."

मी काय करावं? मी फुशारले. खरं सांगते, मला त्या दोघांसमोर आपण फार मोठ्या कुणी आहोत असं वाटलं. बाटली खिडकीच्या उजेडात धरली, पातळी बघितली, आणि म्हटलं, "मामी, ही आत्ता उघडली तर पाप लागेल. असं वर्ष पुन्हा पुन्हा येत नाही. हिच्यात अजून दम आहे. थांबा."

"किती थांबूं?"

"दहा वर्षं तरी. आडवी ठेवा, अंधारात ठेवा, हलवू नका."

मामींनी मान डोलावली, तीनही गोष्टी बोटांवर मोजल्या, आणि मला डांगर पचडी वाढली. उडदाच्या पिठाची ती ताकातली पचडी मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा खाल्ली. मी त्यांना म्हटलं, चव कशी असते ते तरी बघा, मी माझ्याकडची एखादी उघडते. त्या म्हणाल्या, "नको. पहिली चव माझ्या पोराचीच."

तेव्हापासून प्रघातच पडला. दर वर्षी तै महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, पोंगलची गडबड ओसरली की, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मला खालून बोलावणं यायचं. टेबलावर ताट, ताटात फडकं, फडक्यावर बाटली. मी ती उजेडात धरायची, मान हलवायची. मामी विचारायच्या, "काय मा, झालं का?" आणि मी म्हणायची, "अजून थांबा." मग जेवण. मामा दर वेळी नव्या विद्यार्थ्याच्या उत्साहानं विचारायचे की आत नेमकं काय होत असतं, आणि मी त्यांना, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला, आम्ल आणि तुरटपणा समजावून सांगायची. ते वहीत लिहून घ्यायचे. मला केवढा अभिमान!

मग तो पूर आला. वेलचेरीत पाणी भरणं नवीन नाही, पण त्या वेळी ते पार्किंग गिळून जिना चढायला लागलं. वीज गेली. मामा-मामी माझ्याकडे वर आले. मामांच्या हातात कागदपत्रांची पिशवी, आणि मामींनी पदराखाली दोन गोष्टी धरलेल्या: देवांचा डबा आणि बाटली. रेशमी साडीत गुंडाळलेली.

माझा फ्रिज बंद, इन्व्हर्टर संपलेला. मी वीजमंडळाला, पालिकेला, ढगांना, सगळ्यांना शिव्या घालत माझ्या चोवीस बाटल्या ओल्या टॉवेलांत गुंडाळून न्हाणीघराच्या फरशीवर आडव्या मांडल्या होत्या. दर दोन तासांनी टॉवेल भिजवत होते. मामींची बाटली मी त्यांच्यातच ठेवली, तिलाही टॉवेल दिला. पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि आमच्याकडे बाटल्यांना अंघोळी! मामी दारात खुर्ची टाकून बघत होत्या आणि हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, "पाणी अजून वर यायाला लागलंय. काय ठाऊक उद्या काय होतं. आता उघडूं?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मला तो चेहरा आठवतो. त्यांची इच्छा होती. त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, कारण सांगायचं काम माझं होतं.

आणि मी म्हटलं, "छे! काहीतरीच काय मामा. पूर ओसरेल. निम्मी वाट बघून झालीय, आता घाई करून वाया घालवायची का?"

"बरं तर," मामी म्हणाल्या. "तू म्हणतीस तसं."

तीन दिवसांनी पाणी उतरलं. मी बाटली पुसून त्यांच्या हातात परत दिली. पुन्हा तेच सांगितलं, आडवी, अंधारात.

त्यानंतर काही वर्षांनी मी इथल्या एका वाइन मंडळात जायला लागले. दर महिन्याला एका मोठ्या हॉटेलात दहा-बारा जण जमतात, नाकानं कांदे सोलतात आणि एकमेकांचं कौतुक करतात. मंडळाचा प्रमुख एक पैसेवाला माणूस, स्वतः वाइन आयात करणारा. एका बैठकीत त्यानं एकाच गावाच्या तीन वर्षांच्या बर्गंडी मांडल्या. मोठा मान, कारण तीन वर्षं शेजारी ठेवून बघायला मिळणं सोपं नाही. मी ऑफिसातून धावतपळत गेले.

पहिला ग्लास नाकाशी नेला आणि माझं टाळकं सटकलं. शिजवलेल्या मनुका. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. तीन वेगळी वर्षं आणि वास एक, उन्हात विसरलेल्या मुरांब्याचा! उन्हानं तिन्ही वर्षं मारून टाकली होती. आणि आजूबाजूचे लोक डोळे मिटून म्हणतायत, आहा, काय खोली आहे, काय परिपक्वता आहे.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "ही वाइन शिजलेली आहे."

प्रमुख हसून म्हणाला, "मॅडम कारखान्यात दोष शोधतात ना, त्यांना सगळीकडे दोषच दिसतात."

सगळे हसले. मग मात्र मी कुणाच्या बापाला ऐकणार नव्हते. मी विचारलं, कंटेनर बंदरावर किती दिवस उभा होता? गोदाम कुठे आहे? वर पत्रा आहे की स्लॅब? एसी रात्री बंद करता का? रविवारी? बाटली बूच काढायच्या आधी कुठे कुठे होती, ते तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही आम्हाला वर्षाच्या गप्पा कसल्या सांगता? आमच्या कारखान्यात रंगाचा डबा कुठे ठेवला होता हे सांगता आलं नाही तर तो डबा आम्ही उघडतसुद्धा नाही!

पर्स उचलून मी बाहेर पडले. पुन्हा कधी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मामींकडे जेवताना मी ते सगळं पुन्हा, हातवारे करून सांगितलं. मामा फार खूश झाले. "खरं हाय. ठिवण्यातच सगळं हाय," ते म्हणाले. मामींनी मात्र वाढता वाढता हात थांबवला. "आमची बरी असंल ना मा?"

"तुमची? तुमची आडवी आहे ना? अंधारात आहे ना?"

"हाय."

"मग झालं तर."

आणि मी भात कालवला.

गेल्या वर्षी पंगुनी महिन्यात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मामी गेल्या. छातीत दुखतंय म्हणून रिक्षातून हॉस्पिटलात नेलं, पाचव्या दिवशी संपलं. दोन महिन्यांपूर्वीच लग्नाचा वाढदिवस झाला होता. ताटात बाटली होती. पातळी पूर्वीपेक्षा बोटभर उतरल्यासारखी वाटली, पण वय झालं की उतरतेच थोडी, असं मीच म्हटलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं, आणि मी तक्त्यावर नजर टाकूनच खाली गेले होते. म्हटलं, "आता आलंच हं मामी. पुढच्या वर्षी उघडू. अगदी ऐन भरात असेल."

ऐन भरात! माझ्या जिभेला काय झालं होतं तेव्हा?

मी मनातल्या मनात फार चिडले. मामींवरसुद्धा. एक वर्ष थांबायला काय झालं होतं, असं वाटलं. इतकी वर्षं थांबलात आणि आता एका वर्षासाठी! असा वेडा राग येतो माणसाला. त्याच महिन्यात मी माझ्याकडची दोन हजार पाचची एक उघडली, एकटीनंच. तक्ता खरा होता. इतकी सुंदर वाइन मी कधी प्यायले नव्हते. मी रडले आणि आणखी एक ग्लास घेतला.

या वर्षी मामींचं वर्षश्राद्ध झालं. मुलगा येऊन गेला. तो गेल्यावर चार दिवसांनी दुपारी मामांचा फोन आला. "ये मा. आज उघडूं. तू तिला म्हणाली होतीस, पुढल्या वर्षी."

मी ओरगडमहून सुट्टी टाकून आले. या वेळी टेबलावर ताट नव्हतं. ताट, फडकं, ते सगळं मामी करायच्या. मामा म्हणाले, "तूच काढ मा. कपाटात हाय." आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पश्चिमेची भिंत, आणि भिंतीला पाठ लावून लोखंडी कपाट. त्या घरात मोलाची प्रत्येक वस्तू त्या कपाटात जायची: लग्नातला शालू, चांदीची भांडी, मुलाची प्रमाणपत्रं, घराचे कागद. मी कपाटाच्या मुठीला हात लावला आणि मागे घेतला. मूठ भाजत होती. दुपारचे तीन वाजले होते. पंगुनीचं ऊन बाहेरून भिंत तापवत होतं आणि भिंत कपाट तापवत होती.

दार उघडलं. आतून डांबराच्या गोळ्यांचा आणि तापलेल्या रेशमाचा वास अंगावर आला. मधल्या कप्प्यात, सहा रेशमी साड्यांच्या खाली, बाटली होती. आडवी. काळोखात. पूर आणि वर्षातला तो ताटातला एक दिवस सोडला तर कुणी हलवलेली नाही. मी सांगितलं होतं ते सगळं, अक्षर न् अक्षर, मामींनी पाळलं होतं.

बाटली हाताला कोमट लागली. दर वर्षी मी ती हातात घेतली होती ती तै महिन्यात, जेव्हा चेन्नईत सगळंच गार लागतं.

उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तरी उघडली. बूच वर येतानाच चुरलं, कडेनं चिकट राप चढलेला. रंग जुन्या चहासारखा. वास आला तो त्या हॉटेलातल्यापेक्षा वाईट. तिथे निदान मुरांबा होता, इथे आंबलेलं, कोळपलेलं काहीतरी, आणि मागून डांबराच्या गोळ्या. मुलानं दहा दिवस वाकून तोडलेली द्राक्षं त्यात कुठेच नव्हती.

मामांनी दोन ग्लास मांडले होते. मी ओतली. काय करणार? त्यांनी मामींच्या फोटोकडे बघितलं, घोट घेतला, गिळला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "बरं हाय मा," ते म्हणाले. "कडू हाय थोडं, पण बरं हाय."

"बरं नाहीये मामा!" माझा आवाज चढलाच. "बरं अजिबात नाहीये. नका पिऊ. ही मेलीय. उन्हानं मेलीय. वर माझ्याकडे याच वर्षाची आणखी एक आहे, ती आणते, मग कळेल तुम्हाला कशी असते ते."

"नको. ती त्यानं तोडलेली नाही."

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ त्यातल्या तपकिरी रंगाकडे बघत राहिले. रसायनशास्त्राचा माणूस. मी बोलायच्या आधीच त्यांनी मनात हिशेब मांडला असणार: लोखंड, पश्चिमेची भिंत, इतके उन्हाळे.

"हे बरं कधी होतं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, कधी उघडलं असतं तर तिला चव मिळाली असती?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुणालाच सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खोटंही नसतं झालं.

मी म्हटलं, "तुम्ही मला पहिल्यांदा खाली बोलावलंत, तेव्हा."

मामांनी चुरलेलं बूच गोळा करून बाटलीशेजारी ठेवलं.

"कुठे ठेवलीय, ते मी एकदाही विचारलं नाही मामा."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही.

"विचारायचं होतं, मा," ते म्हणाले.